अलेक्झांडर कॅम्पबेल

अलेक्झांडर कॅम्पबेल (१२ सप्टेंबर, इ.स. १७८८ - ४ मार्च, इ.स. १८६६) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन शेतकरी, ख्रिस्ती धर्मोपदेशक, संपादक व शिक्षणतज्ज्ञ होते. सर्व पंथभेद बाजूला सारून केवळ नव्या कराराच्या आधारावर ख्रिस्ती लोकांनी एकत्र यावे, असा आग्रह धरणाऱ्या चळवळीचे ते प्रमुख नेते होते. ही चळवळ पुढे स्टोन-कॅम्पबेल चळवळ या नावाने ओळखली गेली. तिच्या उभारणीत त्यांचे वडील टॉमस कॅम्पबेल यांचाही तितकाच मोठा वाटा असल्याने अलेक्झांडर यांचे चरित्र हा एका स्थलांतरित कुटुंबाचाही इतिहास ठरतो.

पूर्वज आणि बालपण

कॅम्पबेल घराणे मूळचे पश्चिम स्कॉटलंडमधील असून नंतर ते उत्तर आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. अलेक्झांडर यांचे आजोबा आर्चिबाल्ड हे तरुणपणी रोमन कॅथॉलिक होते. ब्रिटिश सैन्यात असताना ते जनरल वुल्फ यांच्या हाताखाली कॅनडातील क्वेबेकच्या मोहिमेत लढले. आयर्लंडला परतल्यावर त्यांनी कॅथॉलिक पंथ सोडून अँग्लिकन पंथ स्वीकारला. त्यांचे पुत्र टॉमस (इ.स. १७६३ - इ.स. १८५४) यांचे मन मात्र त्या पंथात रमले नाही. वडिलांची नाराजी पत्करून ते प्रेस्बिटेरियन पंथाच्या 'सेसीडर' या फुटून निघालेल्या शाखेत गेले आणि ग्लासगो विद्यापीठात शिक्षण घेऊन पाळक झाले. इ.स. १७८७ मध्ये त्यांचा विवाह जेन कॉर्नायगल यांच्याशी झाला. जेन यांचे पूर्वज फ्रान्समधील धार्मिक छळाला कंटाळून देश सोडलेले ह्युगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट होते. अशा रीतीने कॅथॉलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि ह्युगनॉट या चार परंपरा या एका घराच्या दोन पिढ्यांत एकत्र आल्या होत्या.

अलेक्झांडर हे या दांपत्याचे थोरले अपत्य. त्यांचा जन्म अँट्रिम परगण्यातील बॅलिमीना गावाजवळ झाला. टॉमस आर्मा परगण्यातील अहोरी येथील मंडळीचे पाळक होते व जवळच्या रिच हिल या गावी शाळा चालवीत. मुलाचे बहुतेक शिक्षण त्यांच्याच देखरेखीखाली झाले. त्या काळी सेसीडर शाखेचेही 'बर्गर' व 'अँटी-बर्गर' असे दोन तट पडलेले होते. स्कॉटलंडमधील काही शहरांत नागरिकांना घ्यावी लागणारी एक शपथ हे या फुटीचे कारण होते. आयर्लंडमध्ये ती शपथ अस्तित्वातच नव्हती, तरीही फूट मात्र तेथेही कायम होती. स्वतः अँटी-बर्गर असलेल्या टॉमस यांनी हे दोन्ही तट एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. परंतु त्याला यश आले नाही.

अमेरिकेकडे प्रयाण

प्रकृती खालावल्याने टॉमस इ.स. १८०७ मध्ये एकटेच अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील वॉशिंग्टन या गावाच्या परिसरात धर्मोपदेश करू लागले. अठरा वर्षांचे अलेक्झांडर शाळा व घर सांभाळीत मागे राहिले. इ.स. १८०८ च्या ऑक्टोबरमध्ये आई व भावंडांना घेऊन ते 'हायबर्निया' या जहाजाने निघाले. पण वादळात सापडून जहाज स्कॉटलंडच्या आयला बेटाजवळ खडकावर आदळले. कुटुंबातील सर्वजण बचावले. त्या संकटाच्या रात्री, वाचलो तर आयुष्य धर्मसेवेला वाहीन, असा निश्चय अलेक्झांडर यांनी केला.

हिवाळा तोंडावर असल्याने पुढचा प्रवास लांबला आणि कुटुंब सुमारे एक वर्ष ग्लासगो येथे राहिले. वडील जेथे शिकले त्याच विद्यापीठात अलेक्झांडर यांनी अध्ययन केले. तेथे ग्रेव्हिल युइंग या स्वतंत्र विचारांच्या पाळकांचा सहवास त्यांना लाभला. सेसीडर मंडळीत प्रभुभोजनास बसण्यापूर्वी वडीलजनांकडून परीक्षा होई व पात्र ठरलेल्यास धातूचा एक बिल्ला मिळे. ग्लासगो सोडण्यापूर्वी अलेक्झांडर यांना तो मिळाला होता. मात्र प्रत्यक्ष विधीच्या वेळी त्यांनी बिल्ला तबकात टाकला आणि प्रभुभोजन न घेताच ते बाहेर पडले. इतर ख्रिस्ती लोकांना दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा भाग होणे त्यांच्या मनाला पटले नव्हते.

योगायोग असा की समुद्रापलीकडे वडिलांच्या आयुष्यातही याच विधीवरून वादळ उठले होते. टॉमस यांनी आपल्या शाखेबाहेरच्या प्रेस्बिटेरियनांना प्रभुभोजनात सामावून घेतल्याने त्यांच्यावर ठपका ठेवण्यात आला आणि अखेर त्यांनी त्या संस्थेचा त्याग केला. इ.स. १८०९ मध्ये त्यांनी 'ख्रिश्चन असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन' स्थापन केली व ख्रिस्ती ऐक्याची भूमिका मांडणारी 'डिक्लरेशन अँड अ‍ॅड्रेस' ही पुस्तिका लिहिली. २९ सप्टेंबर, इ.स. १८०९ रोजी कुटुंब न्यू यॉर्कला उतरले आणि ऑक्टोबरमध्ये पितापुत्रांची भेट झाली. आपला पंथत्याग वडिलांना कसा सांगावा, या विवंचनेत मुलगा होता, तर वडिलांच्या मनातही तीच चिंता होती. पुस्तिकेची छापील मुद्रिते हाती पडल्यावर, दोघेही परस्परांच्या नकळत एकाच निष्कर्षाला पोहोचल्याचे त्यांना उमगले.

विवाह, शेती आणि बाप्तिस्मा

१२ मार्च, इ.स. १८११ रोजी अलेक्झांडर यांचा विवाह मार्गारेट ब्राउन यांच्याशी झाला. त्यांचे सासरे जॉन ब्राउन हे व्हर्जिनियाच्या वायव्य टोकाला, बफेलो ओढ्याकाठी राहणारे शेतकरी होते. हा भाग आज वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मोडतो. काही वर्षांनी अलेक्झांडर व त्यांचे सहकारी ओहायो राज्यातील झेन्सव्हिल येथे स्थलांतर करण्याच्या विचारात होते. मुलगी व जावई दूर जाऊ नयेत म्हणून ब्राउन यांनी आपले घर व शेत नाममात्र मोबदल्यात जावयाच्या नावे करून दिले. स्थलांतराचा बेत रद्द झाला आणि हेच शेत पुढे अर्धशतक त्यांचे निवासस्थान व चळवळीचे केंद्र राहिले.

धर्मोपदेशाबद्दल मोबदला घ्यायचा नाही, असे अलेक्झांडर यांनी आरंभीच ठरविले होते. शेती व मेंढीपालन यांत त्यांनी जातीने लक्ष घातले आणि ते सधन झाले. कोणत्याही मंडळीच्या वेतनावर अवलंबून नसल्याने प्रस्थापित पंथांवर उघड टीका करणे त्यांना शक्य झाले.

टॉमस यांच्या अनुयायांनी ४ मे, इ.स. १८११ रोजी ब्रश रन येथे स्वतंत्र मंडळी स्थापन केली व १ जानेवारी, इ.स. १८१२ रोजी अलेक्झांडर यांना तेथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची पहिली मुलगी जेन जन्मली आणि तिला बाप्तिस्मा द्यावा की नाही, हा प्रश्न घरातच उभा राहिला. प्रेस्बिटेरियन प्रथेनुसार तान्ह्या बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. अलेक्झांडर यांनी नव्या कराराचा कसून अभ्यास केला. त्यात त्यांना शिशुबाप्तिस्म्यास आधार आढळला नाही. बाप्तिस्मा श्रद्धेचा स्वतः स्वीकार करणाऱ्या व्यक्तीलाच आणि पाण्यात बुडवून द्यावयाचा असतो, असा त्यांचा निष्कर्ष झाला. त्यामुळे मुलीच्या बाप्तिस्म्याऐवजी स्वतःच्याच बाप्तिस्म्याचा प्रश्न निर्माण झाला. १२ जून, इ.स. १८१२ रोजी बफेलो ओढ्यात मॅथायस ल्यूस या बाप्टिस्ट उपदेशकाने त्यांना बाप्तिस्मा दिला. त्यांच्यासोबत पत्नी, आई-वडील व बहीण डोरोथिया यांनीही तो घेतला. अनेक वर्षे मुलांना बाप्तिस्मा देत आलेल्या टॉमस यांच्या दृष्टीने हे पाऊल सोपे नव्हते. यानंतर चळवळीचे नेतृत्व वडिलांकडून मुलाकडे आले.

चळवळ, वादविवाद व शिक्षणकार्य

इ.स. १८१५ मध्ये ब्रश रनची मंडळी बाप्टिस्टांच्या रेडस्टोन संघात सामील झाली. परंतु मतभेद वाढत गेले आणि इ.स. १८३० च्या सुमारास कॅम्पबेल यांचे अनुयायी बाप्टिस्टांपासून वेगळे झाले. १ जानेवारी, इ.स. १८३२ रोजी केंटकीतील लेक्सिंग्टन येथे बार्टन स्टोन यांच्या अनुयायांशी त्यांचे मीलन झाले. या ऐक्यामुळे चळवळीला देशव्यापी स्वरूप आले.

आपल्या शेतावर छापखाना घालून कॅम्पबेल यांनी इ.स. १८२३ पासून 'द ख्रिश्चन बाप्टिस्ट' व इ.स. १८३० पासून 'द मिलेनियल हार्बिंजर' ही मासिके चालविली. इ.स. १८२६ मध्ये त्यांनी नव्या कराराची आधुनिक इंग्रजीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. वस्तीत टपाल कार्यालय सुरू झाले तेव्हा ते पोस्टमास्तर झाले. बफेलो हे नाव राज्यात आधीच वापरात असल्याने त्यांनी बायबलमधील बेथनी हे नाव निवडले व पुढे ते गावालाच मिळाले.

जाहीर वादविवादांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. इ.स. १८२९ मध्ये सिनसिनाटी येथे समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांच्याशी धर्माच्या सत्यतेवर त्यांचा वाद आठ दिवस चालला. तीव्र मतभेद असूनही दोघांनी परस्परांविषयीचे सौजन्य सोडले नाही. इ.स. १८३७ मध्ये कॅथॉलिक बिशप जॉन पर्सेल यांच्याशी, तर इ.स. १८४३ मध्ये प्रेस्बिटेरियन पाळक नेथन राइस यांच्याशी त्यांचे वाद झाले. राइस यांच्याशी झालेल्या वादाच्या अध्यक्षस्थानी राजकारणी हेन्री क्ले होते.

इ.स. १८२९-३० च्या व्हर्जिनिया घटना परिषदेवर कॅम्पबेल निवडून गेले. जेम्स मॅडिसन, जेम्स मन्रो व जॉन मार्शल हे त्या परिषदेचे सदस्य होते. मताधिकार मालमत्तेशी जोडू नये, अशी बाजू कॅम्पबेल यांनी पश्चिमेकडील लहान शेतकऱ्यांच्या वतीने मांडली. ती मान्य झाली नाही. इ.स. १८४० मध्ये त्यांनी स्वतःची जमीन देऊन बेथनी कॉलेज स्थापन केले व अखेरपर्यंत ते त्याचे अध्यक्ष राहिले. इ.स. १८५७ च्या डिसेंबरमध्ये कॉलेजची इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या कॅम्पबेल यांनी पुन्हा निधी जमविण्यासाठी दौरे केले.

कौटुंबिक जीवन

मार्गारेट यांना आठ अपत्ये झाली. २२ ऑक्टोबर, इ.स. १८२७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा पाच मुली हयात होत्या. आपली मैत्रीण सेलिना बेकवेल हिच्याशी पतीने विवाह करावा व मुलींना आई मिळावी, अशी इच्छा त्यांनी मृत्यूपूर्वी व्यक्त केली होती. त्यानुसार इ.स. १८२८ मध्ये हा विवाह झाला. सेलिना यांना सहा अपत्ये झाली. त्यांतील पहिल्या मुलीचे नाव मार्गारेट असेच ठेवण्यात आले.

क्षयाने या घराची पाठ सोडली नाही. मार्गारेट यांच्या पाचही मुली वडिलांच्या डोळ्यांदेखत वारल्या. लॅव्हिनिया हिचा विवाह बेथनी कॉलेजमधील प्राध्यापक विल्यम पेंडलटन यांच्याशी झाला होता; तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिची बहीण क्लॅरिंडा हिच्याशी विवाह केला आणि इ.स. १८५१ मध्ये तीही गेली. चौदा अपत्यांपैकी दहांचे मृत्यू कॅम्पबेल यांना पाहावे लागले.

यांतील सर्वांत कठीण आघात इ.स. १८४७ चा होता. त्या वर्षी कॅम्पबेल ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. गुलामगिरीविषयीच्या त्यांच्या भूमिकेवरून स्कॉटलंडमधील गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी त्यांच्यावर टीका केली. वादातून बदनामीचा दावा उभा राहिला. जामीन देण्यास नकार दिल्याने त्यांना ग्लासगोच्या तुरुंगात काही दिवस काढावे लागले. पुढे अटकेचा हुकूम बेकायदा ठरला. त्याच सुमारास सुमारे दहा वर्षांचा मुलगा विक्लिफ बेथनी येथे ओढ्यात पोहताना बुडून मरण पावला. ही बातमी वडिलांना अमेरिकेत परतल्यावरच कळली.

गुलामगिरी आणि यादवी युद्ध

कॅम्पबेल यांच्याकडे काही काळ गुलाम होते व त्यांना त्यांनी मुक्त केले. गुलामगिरी देशाला घातक आहे आणि ती क्रमाक्रमाने संपावी, असे त्यांचे मत होते. तथापि बायबलमध्ये तिचा सरसकट निषेध नाही, म्हणून मंडळीच्या सभासदत्वासाठी ती कसोटी मानू नये, अशी भूमिका त्यांनी इ.स. १८४५ च्या लेखमालेत घेतली. चळवळ दुभंगू नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु या मध्यममार्गाने गुलामगिरीचे समर्थक व विरोधक या दोघांचेही समाधान झाले नाही आणि ऐक्यासाठी अन्यायाबाबत तडजोड केल्याचा आक्षेप त्यांच्यावर आजही घेतला जातो.

युद्ध ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत आहे, असे प्रतिपादन त्यांनी इ.स. १८४८ मधील व्याख्यानात केले होते. इ.स. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा त्यांचे स्वतःचे कुटुंबच विभागले गेले. मुलगा अलेक्झांडर दक्षिणेच्या सैन्यात दाखल झाला, तर पुतण्या आर्चिबाल्ड व्हीलिंग येथील 'इंटेलिजेन्सर' या वृत्तपत्राचा संपादक या नात्याने उत्तरेच्या बाजूने लढत होता. इ.स. १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य झाले; त्यामागे या वृत्तपत्राचा मोठा वाटा होता.

निधन व वारसा

४ मार्च, इ.स. १८६६ रोजी बेथनी येथे कॅम्पबेल यांचे निधन झाले. घरासमोरील टेकडीवरच्या कौटुंबिक दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यानंतर जावई पेंडलटन कॉलेजचे अध्यक्ष झाले. सेलिना यांनी इ.स. १८८२ मध्ये पतीच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्या इ.स. १८९७ पर्यंत जगल्या. कॅम्पबेल यांचे राहते घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन करण्यात आले आहे.

पंथभेद मिटविण्यासाठी सुरू झालेली ही चळवळ पुढे स्वतःच विभागली. इ.स. १९०६ च्या अमेरिकन धार्मिक गणनेत 'डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट' व 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' यांची प्रथमच स्वतंत्र नोंद झाली. अमेरिकेचे विसावे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड हे याच परंपरेतील होते. भारतात या परंपरेचे मिशनरी इ.स. १८८२ मध्ये मध्य प्रांतातील हरदा येथे आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्टने पुणे जिल्ह्यातील बारामती येथे कार्य सुरू केले. त्यामुळे महाराष्ट्रातही या परंपरेच्या मंडळ्या निर्माण झाल्या.