डोंगरांचा हिशेबनीस

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातील लेक डिस्ट्रिक्ट हा सरोवरांचा प्रदेश मराठी वाचकाला परिचित आहे तो मुख्यतः वर्ड्‌स्वर्थच्या कवितेमुळे. परंतु तेथील डोंगरांत पायी हिंडणाऱ्या माणसाच्या पाठपिशवीत कविता क्वचितच असते. असते ते आल्फ्रेड वेनराइट यांचे एखादे छोटेखानी पुस्तक. कवी नव्हे, गिर्यारोहक नव्हे, तर नगरपालिकेच्या हिशेबखात्यात उभी हयात घालवलेल्या या अबोल, काहीशा तुसड्या गृहस्थाने एका प्रदेशातील २१४ डोंगरांची जणू खतावणीच लिहून ठेवली.

वेनराइट यांचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वडील पाथरवट, हातात कसब होते, पण मद्याच्या आहारी गेलेले. चार भावंडांत आल्फ्रेड धाकटे. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते नगरपालिकेच्या अभियंता विभागात पोऱ्या म्हणून लागले. पुढे हिशेबखात्यात बदली झाली, आणि दिवसा नोकरी व रात्री अभ्यास असे करीत त्यांनी लेखापालाची पात्रता मिळवली. सुवाच्य अक्षर आणि बिनचूक आकडे ही त्या खात्यातील अब्रू असे. ती त्यांनी जन्मभर जपली.

१९३० च्या जूनमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, साठवलेल्या पैशांतून ते एका चुलतभावाबरोबर आठवडाभरासाठी लेक डिस्ट्रिक्टला गेले. विंडरमियर गावालगतच्या ऑरेस्ट हेड या टेकडीवर दोघे चढले. टेकडी अवघी २३८ मीटर उंच. लहान मूलही सहज चढेल अशी. पण माथ्यावरून खाली पसरलेले सरोवर आणि त्यापलीकडे एकामागे एक उभ्या राहिलेल्या डोंगररांगा दिसल्या, आणि गिरण्यांच्या धुरात वाढलेल्या या तरुणाचे आयुष्य त्या क्षणी दुसऱ्याच दिशेला वळले. तेथे राहायला जायचे, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. संधी मिळायला अकरा वर्षे गेली. १९४१ मध्ये केंडाल या लेक डिस्ट्रिक्टच्या उंबरठ्यावरील गावाच्या नगरपालिकेत जागा मिळाली आणि १९४८ मध्ये ते तेथील खजिनदार झाले.

उंचीच्या हिशेबात हे डोंगर आपल्याला किरकोळ वाटतील. सर्वोच्च स्काफेल पाइक ९७८ मीटरचा. आपली कळसूबाई १६४६ मीटर. परंतु तेथे तासाभरात धुके उतरते, वारा उभे राहू देत नाही, आणि ज्या धारेवरून सकाळी मजेत चालत गेलो तीच दुपारी जिवावर बेतू शकते. हेल्वेलिनची स्ट्रायडिंग एज ही अरुंद धार अशीच प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी माहिती चुकली तर किंमत मोजावी लागते. वेनराइट यांच्या कामाचे मोल येथे आहे.

९ नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांनी कामाला हात घातला. सारा प्रदेश सात भागांत वाटायचा, प्रत्येक भागाचे एक पुस्तक करायचे आणि तेरा वर्षांत सातही संपवायचे, असा आराखडा त्यांनी आधीच आखला होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी बस पकडायची, दिवसभर डोंगर चढायचे, शेवटच्या बसने परतायचे आणि आठवड्यातील उरलेल्या संध्याकाळी टेबलाशी बसून पाने रेखायची. मोटार त्यांना कधीच चालवता आली नाही. पुस्तकातील एकही अक्षर खिळ्यांनी जुळवलेले नाही. मजकूर, नकाशे, चित्रे सर्व त्यांच्या हातची, आणि छपाई त्या पानांच्या छायाचित्रांवरून. सुमारे शंभर पाने तयार झाल्यावर ओळींच्या उजव्या कडा सरळ रेषेत येत नाहीत हे त्यांना खटकले. कित्येक महिन्यांचे ते काम बाजूला सारून त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. हिशेबवहीत खाडाखोड खपवून न घेणारा माणूसच हे करू जाणे.

प्रत्येक डोंगराला स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या दरीतून किती वाटा चढतात, पाणी कोठे लागते, माथ्यावर काय दिसते, शेजारच्या शिखराकडे धारेने कसे जायचे, धुक्यात उतरताना कोणती बाजू टाळायची, हे सारे त्यात येते. नकाशात दगडी बांध अखंड आहे की ढासळलेला, हेही वेगवेगळ्या रेषांनी दाखवले आहे. धुक्यात वाट हरवलेल्या माणसाला असा बांधच आधार असतो. वाट सोपी की अवघड, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. पेव्ही आर्कच्या कड्यातून तिरकी चढणारी जॅक्स रेक ही वाट सामान्य चालणाऱ्याच्या कुवतीची शेवटची पायरी, असा त्यांचा निर्वाळा. दुसरीकडे जेमतेम २९० मीटरच्या कॅसल क्रॅगलाही त्यांनी मानाचे स्थान दिले. डोंगराची थोरवी उंचीवर मोजायची नसते, हे त्यांनी न बोलता दाखवून दिले.

पहिले पुस्तक तयार झाले तेव्हा गाठीला ३५ पौंड होते आणि दोन हजार प्रतींच्या छपाईचा खर्च ९५० पौंड. केंडालच्या मुद्रकाने विक्री होईल तसे पैसे द्या म्हणून विश्वास टाकला, आणि गावच्या ग्रंथपालाच्या नावाने १९५५ मध्ये पुस्तक बाहेर पडले. सातवे १९६६ मध्ये आले, ठरल्या मुदतीच्या आठवडाभर आधी. १९८५ पर्यंत या पुस्तकांच्या एकूण दहा लाख प्रती खपल्या होत्या.

या यशाची दुसरी बाजू मात्र सुखद नाही. १९३१ मध्ये गिरणीत काम करणाऱ्या रूथ होल्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पीटर हा एक मुलगा. संसारात मन कधी रमले नाही, आणि पुस्तकांच्या तेरा वर्षांत तर घरात एकाच छपराखाली दोन परकी माणसे राहत होती म्हणायचे. सात खंडांच्या अर्पणपत्रिका या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. दगडी बांध रचणारे, नकाशे करणारे, तेथील कुत्री आणि मेंढ्या यांना एकेक खंड अर्पण झाला. सहावा तर स्वतःच्या दोन पायांना. पत्नीचे नाव एकाही अर्पणपत्रिकेत नाही. १९६७ मध्ये निवृत्तीला काही आठवडे उरले असताना रूथ घर सोडून गेल्या. यात वेनराइट यांची बाजू घेणे कठीण आहे. दोनशे चौदा डोंगरांकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांना समोरचे एक माणूस दिसले नाही.

१९७० मध्ये त्यांनी बेटी मॅकनॅली यांच्याशी विवाह केला. त्या मोटार चालवत, आणि पुढची भटकंती त्यांच्या सोबतीने झाली. पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या वाटेवरील मार्गदर्शिका १९६८ मध्ये आली होती. ती वाट त्यांना मुळीच आवडली नाही; ब्लॅक हिलच्या दलदलीत ते रुतून बसले होते आणि वनरक्षकाने त्यांना ओढून काढले होते. तरीही वाट पूर्ण करणाऱ्यास शेवटच्या गावातील पथिकाश्रमात बियर आपल्या खर्चाने मिळावी, ही सोय त्यांनी केली. १९७३ मध्ये त्यांनी पश्चिमेच्या सेंट बीजपासून पूर्वेच्या रॉबिन हुड्‌स बेपर्यंत, समुद्र ते समुद्र अशी सुमारे १९० मैलांची स्वतःची वाट आखली. पुस्तकांचे उत्पन्न स्वतःसाठी न ठेवता ते मुक्या प्राण्यांच्या सेवेकडे वळवले गेले. केंडालजवळ त्यातून प्राण्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले.

एकांताच्या ओढीने डोंगरात गेलेल्या या माणसाच्या पुस्तकांनी तेथे गर्दी लोटली, हे नाकारता येत नाही. लाखो बुटांखाली वाटा खचल्या आणि कित्येक ठिकाणी दगड बसवून बांधून काढाव्या लागल्या. आपल्याकडील गडकिल्ल्यांवर रविवारी लागणारी रीघ पाहिलेल्या वाचकाला हा पेच वेगळा समजावून सांगायला नको.

अखेरच्या वर्षांत दृष्टी अधू झाली आणि रेखाटणे थांबले. २० जानेवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार हेस्टॅक्स या त्यांच्या लाडक्या डोंगरावरील इनॉमिनेट टार्न, म्हणजे अनामिक तळे, येथे त्याच वर्षी मार्चमध्ये रक्षा विसर्जित करण्यात आली. हेस्टॅक्सची उंची ५९७ मीटर. आसपासची कित्येक शिखरे त्याहून उंच आहेत. पायथ्याच्या बटरमियर गावातील लहानशा चर्चच्या एका खिडकीत वेनराइट यांच्या नावाची पाटी बसवली आहे. खिडकीतून मान वर केली की समोर हेस्टॅक्स दिसतो.