विश्लेषण : ट्रामपासून चुंबकीय नोंदी वाचवणारे नानाभाई मूस कोण होते? विमान सर्वेक्षणाशी अलिबागचे नाते काय?

मोबाइलवर नकाशा उघडला की निळ्या ठिपक्यासमोर दिशा दाखवणारा फिकट झोत दिसतो. ही दिशा फोनमधला इवलासा चुंबकमापक ठरवतो. सर्वेक्षणाच्या ड्रोनमध्येही असाच मापक असतो आणि जमिनीखालचे खडक शोधणाऱ्या विमानात त्याचा कितीतरी अचूक भाऊबंद. या सगळ्यांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आज, या क्षणी किती आहे हे माहीत असावे लागते. ते सांगणाऱ्या जगभरातील मोजक्या जुन्या ठिकाणांपैकी एक रायगड किनाऱ्यावर, अलिबागमध्ये आहे. ते उभारणाऱ्या डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याविषयी...

नानाभाई मूस कोण होते?

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी पारशी कुटुंबात झाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून (पुढचे सीओईपी) त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची एल.सी.ई. पदवी घेतली. त्यानंतर स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जाऊन त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. परतल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले. १८९६ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले आणि ते पद मूस यांच्याकडे आले. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. जवळपास दोन तपे त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

कुलाब्यात काय मोजले जात होते?

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली ती जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी आणि खगोल निरीक्षणासाठी. १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजणी सुरू झाली. १८४६ पासूनच्या नोंदी सलग मिळतात. पुढे फोटोग्राफीचा वापर सुरू झाला. टांगलेल्या चुंबकाला आरसा लावलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर पडे आणि चुंबक किंचित हलला तरी कागदावर रेघ वाकडी उमटे.

या नोंदींचे मोल दीडशे वर्षांनी कळले. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर प्रचंड सौर वादळ आदळले. तेव्हा मूस यांचा जन्म व्हायला दोन महिने होते. त्या वादळात चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण झाल्याचे कुलाब्याच्या नोंदींवरून दिसले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या वादळाची तीव्रता त्याच आकड्यांवरून नव्याने मांडली. जुनी नोंदवही कधी उपयोगी पडेल, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

ट्राममुळे काय बिघडणार होते?

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. १९००च्या सुमारास ती विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामला एकदिश प्रवाह लागतो. वरच्या तारेतून आलेला प्रवाह रुळांमधून परत जातो, पण सगळाच नाही. काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाट मिळेल तिकडे पसरतो. प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. म्हणजे दर ट्रामगणिक कुलाब्यातील नाजूक चुंबक हलणार. सूर्यामुळे हलला की ट्राममुळे, हे कागदावरून ओळखता येणार नाही.

शहराला ट्राम हवी होती आणि ते रास्तही होते. दुसऱ्या बाजूला अर्ध्या शतकाहून जुनी नोंदींची साखळी तुटणार होती. अशा साखळीत मधली चार वर्षे गळाली तर ती पुन्हा मोजता येत नाहीत. मूस यांनी मार्ग काढला तो वेधशाळाच हलवण्याचा, आणि तोही ट्राम धावण्याआधी. मुंबईत विजेवरची ट्राम मे १९०७ मध्ये सुरू झाली. तोवर त्यांचे काम पुरे झाले होते.

अलिबागच का?

कुलाब्यापासून अलिबाग समुद्रावरून सुमारे ३० किलोमीटर. शहराच्या विजेपासून दूर, तरी बोटीने जाण्या-येण्याजोगे. शिवाय नव्या नोंदी जुन्यांशी जुळाव्यात, तर जागा फार लांबची असून चालणार नव्हते. (तेव्हा हा जिल्हाही कुलाबा याच नावाने ओळखला जाई. त्याचे रायगड झाले १९८१ मध्ये.)

अडचण होती ती बांधकामाची. कोकणचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात लोहयुक्त मॅग्नेटाइटचे कण असतात आणि तो स्वतःच चुंबकीय असतो. त्याच्या भिंतीत चुंबकमापक ठेवणे म्हणजे कढईत बसून वजन करण्यासारखे. म्हणून उपकरणांच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला गेला. त्यात चुंबकीय गुण नाही ना, याची तपासणी झाली. लोखंडी खिळे, बिजागऱ्या वर्ज्य होत्या. तापमान बदलले की चुंबकाची ताकदही बदलते, त्यामुळे भिंती दुहेरी ठेवल्या. स्थापत्य अभियंता आणि विज्ञानाचा अभ्यासक हे मूस यांचे दोन्ही पैलू येथे एकत्र कामाला आले.

दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी कशासाठी?

१९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले, तरी मूस यांनी कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. कारण साधे आहे. घरातला जुना वजनकाटा टाकून नवा आणला आणि वजन दोन किलोंनी वाढलेले दिसले, तर वाढ माणसाची की काट्याची? दोन्ही काट्यांवर काही दिवस वजन केले तर फरक कळतो. त्याचप्रमाणे कुलाबा आणि अलिबाग यांतला कायमचा फरक मूस यांनी काढला. त्यामुळे १८४६ पासूनची मालिका अलिबागमध्ये अखंड पुढे चालू राहिली.

साठ वर्षांच्या नोंदींतून काय निघाले?

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मोजणीचे मूस यांनी दोन जाडजूड खंड तयार केले. ते १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात उपकरणे आणि आकडे, दुसऱ्यात त्यांचे विवेचन. संगणक नसताना तासातासाच्या आकड्यांच्या बेरजा-सरासऱ्या हाताने कराव्या लागल्या.

चुंबकीय वादळे त्यांनी एका खास पद्धतीने तपासली. घड्याळाच्या वेळेऐवजी वादळ सुरू झाल्यापासून किती तास झाले, यानुसार नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली. त्यातून वादळाचा ठसा स्पष्ट झाला : आधी क्षेत्रात छोटी वाढ, मग मोठी घसरण आणि त्यानंतर संथपणे पूर्वपदाकडे वाटचाल. आजही चुंबकीय वादळाचे वर्णन याच तीन टप्प्यांत केले जाते.

विमानाचा मार्ग आखताना याचा संबंध कुठे येतो?

राइट बंधूंचे पहिले उड्डाण डिसेंबर १९०३ मधले, म्हणजे अलिबागची वेधशाळा सुरू होण्याच्या तोंडावरचे. विमानातून चुंबकीय सर्वेक्षण मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले. पाणबुड्या शोधण्यासाठी बनवलेले मापक तेव्हा खनिजशोधासाठी वापरात आले.

अशा सर्वेक्षणात विमान शेतातल्या नांगरटीसारखे समांतर रेषांत उडते. दोन रेषांतले अंतर किती सूक्ष्म माहिती हवी यावर ठरते. रेषांची दिशा खडकांच्या रचनेला आडवी ठेवतात. रायगड किनाऱ्यालगत बेसाल्टमध्ये घुसलेल्या खडकांच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, आढळतात. त्यांच्या दिशेने उडाले तर दोन रेषांमधली भिंत निसटू शकते, आडवे उडाले की ती नक्की कापली जाते. पुढे सह्याद्रीचा चढ असल्याने उंचीही जमिनीनुसार बदलावी लागते.

खरी मेख वेळेची. अलिबाग परिसरात एकूण चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे आणि सूर्यामुळे ते दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी कमीजास्त होते. समजा एक रेषा सकाळी नऊला उडाली आणि शेजारची दुपारी बाराला. मधल्या काळात क्षेत्र ३० नॅनोटेस्लांनी वाढले, तर नकाशावर तेथे खडक बदलल्याचा भास होईल. तो टाळण्यासाठी उड्डाण चालू असताना जमिनीवर एक स्थिर केंद्र सतत मोजणी करते आणि तो बदल विमानाच्या आकड्यांतून वजा होतो. शिवाय मुख्य रेषांना छेदणाऱ्या काही आडव्या रेषाही उडवतात. छेदबिंदूवर दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहता येतात. चुंबकीय वादळ सुरू असेल तर उड्डाण पुढे ढकलतात. वादळ म्हणजे काय आणि साधा दिवस म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी दीर्घकाळच्या वेधशाळा लागतात.

फोटो काढणाऱ्या ड्रोनलाही हे लागू आहे का?

काही प्रमाणात. फोटो-सर्वेक्षणात मार्ग आखताना लागोपाठच्या छायाचित्रांत साधारण ६० टक्के आणि शेजारच्या रेषांत २० ते ३० टक्के भाग सामाईक राहील असे पाहतात. ड्रोनसाठी हे प्रमाण आणखी वाढवतात. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे जवळपास बाद. किनाऱ्याचा नकाशा हवा असेल तर ओहोटीची वेळ आणि सूर्याची उंचीही पाहावी लागते. ड्रोनची दिशा मात्र चुंबकमापकावर अवलंबून असते आणि खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांतला फरक त्याला जागतिक प्रारूपातून मिळतो. दोन उत्तर दिशांतला हा फरक रायगड किनाऱ्यावर एका अंशाहूनही कमी आहे, पण जगात काही ठिकाणी तो १५ अंशांच्या पुढे जातो आणि वर्षागणिक बदलतो. म्हणून ही प्रारूपे दर पाच वर्षांनी नव्याने करतात. त्यासाठी उपग्रहांबरोबर जमिनीवरील वेधशाळांच्या नोंदी वापरल्या जातात.

आज स्थिती काय?

कुलाबा-अलिबागचा हा वारसा १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचे मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. अलिबागची वेधशाळा आंतरराष्ट्रीय ‘इंटरमॅग्नेट’ जाळ्याचा भाग आहे. मात्र ज्या कारणासाठी मूस यांनी कुलाबा सोडले, ते कारण संपलेले नाही. वाढती वस्ती, लोखंडी सांगाड्यांच्या इमारती, वाहने आणि वीजवाहिन्या कोणत्याही चुंबकीय वेधशाळेला त्रासदायक ठरतात आणि अलिबाग आता पूर्वीइतके निवांत राहिलेले नाही. उद्या जागा बदलायची वेळ आलीच, तर नवी वेधशाळा आधी सुरू करायची, जुनी लगेच बंद करायची नाही आणि दोन्हींतला फरक मोजल्यावरच स्थलांतर करायचे, ही मूस यांची रीत १९०४ मध्ये जेवढी लागू होती तेवढीच आजही लागू आहे.