हिमालयातील दुर्लक्षित भाषांचा अभ्यासक : ब्रायन हॉजसन

बौद्ध साहित्याच्या इतिहासात ब्रायन हॉजसन यांचे नाव आदराने घेतले जाते. पाटणचे बौद्ध पंडित अमृतानंद यांच्या मदतीने त्यांनी नेपाळमधील संस्कृत बौद्ध ग्रंथ मिळवून पॅरिसला पाठवले. त्यांच्याच आधारे यूजेन बर्नूफ यांनी १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धम्मावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जातिभेद खोडून काढणारी ‘वज्रसूची’ इंग्रजीत आणणारेही हॉजसनच. मात्र त्यांचे भाषांवरील काम आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

इंग्लंडमध्ये जन्मलेले हॉजसन कंपनीच्या नोकरीत १८२० साली काठमांडूला आले आणि १८३३ मध्ये तेथे रेसिडेंट झाले. १८४३ मध्ये गव्हर्नर जनरलने त्यांना पदावरून दूर केले. पुढे १८४५ ते १८५८ ते दार्जिलिंगला राहिले. पूर्व नेपाळमधील किरांती समाजाच्या भाषांचा त्यांनी तिथे अभ्यास केला. या भाषा ना दरबारच्या, ना शाळेच्या. अशा भाषांचे शब्द त्यांनी एकमेकांशेजारी मांडले. बाहिंग आणि हायू यांची व्याकरणेही लिहिली.

केवळ शब्दांवर न थांबता त्यांनी क्रियापदे तपासली. बाहिंगमध्ये कोणी केले आणि कोणाला केले, हे दोन्ही क्रियापदातच कळते. नेवारीत तसे नाही. या फरकावरून त्यांनी हिमालयातील भाषांचे दोन गट पाडले. आज किरांती ही तिबेटी-बर्मी कुळातली स्वतंत्र शाखा मानली जाते. त्या अभ्यासाचा पाया इथे आहे.

हॉजसन यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भाषेवरून वंश ठरवण्याची त्या काळची चूक त्यांनीही केली. नेपाळमधील कोणत्या जमाती लष्करभरतीला योग्य, याचेही वर्गीकरण त्यांनी केले. म्हणजे हे ज्ञान साम्राज्याच्याही कामी आले. आणि ज्यांनी आपली भाषा त्यांना शिकवली, त्या किरांती माणसांची नावे मागेच राहिली.

१८९४ मध्ये हॉजसन लंडनमध्ये वारले. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने देशात बोलल्या जाणाऱ्या सर्व मातृभाषांना राष्ट्रभाषेचा दर्जा दिला आहे. तरीही हायू बोलणारे आता फार थोडे उरले आहेत. भाषेची नोंद परक्याने केली तरी ती उपयोगी पडते. पण भाषा जगते ती तिच्या माणसांनी बोलल्यामुळे, लिहिल्यामुळे आणि मुलांना शिकवल्यामुळे. हे काम ज्याच्या त्याच्या समाजातील तरुणांनाच करावे लागेल.