जमिनीची भूक

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. त्यांची आई गुलाम होती. जॉर्ज तान्हे असताना लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. बाळ परत मिळाले. आई मात्र कधीच सापडली नाही. पुढे मोलमजुरी करीत जॉर्ज शिकले. १८९६ साली त्यांनी शेतीशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली.

त्याच वर्षी ते अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत शिकवू लागले. आसपासचे कृष्णवर्णीय शेतकरी फार गरीब होते. वर्षानुवर्षे फक्त कापूस लावल्यामुळे जमिनीचा कस गेला होता. नत्र कमी पडले की पीक पिवळे पडते, वाढत नाही. पण विकतचे खत आणायला पैसा कोठून येणार?

उपाय हवेतच होता. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते, पण पिकांना ते थेट घेता येत नाही. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील जिवाणू हे नत्र धरून ठेवतात. झाडांचा पाला जमिनीत गाडला, की ते पुढच्या पिकाला मिळते. म्हणून कार्व्हर यांनी कापसाबरोबर आलटूनपालटून अशी पिके घ्यायला शिकवले. पालापाचोळा कुजवून खत करायलाही शिकवले. १९०६ पासून टस्कीगीची एक गाडी अवजारे घेऊन गावोगाव फिरू लागली. जणू शाळाच शेतावर आली!

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर यांचे निधन झाले. गरीब शेतकऱ्यालाही आपली जमीन सुपीक ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.