कै. अण्णा साळुंके

ज्ञातीच्या स्मरणिकेत एका नटाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या सभासदांच्या मनात येईल. तोंडाला रंग लावणाऱ्या मुलाचे नावही ज्या घरांत उच्चारीत नसत, तशी घरे आपल्यातही होती, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच ही हकीकत येथे द्यावी, असे आम्हांस वाटले.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली मुंबईत दादर येथे ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या उद्योगास लागले. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. परंतु तारामती मिळेना. कुलीन स्त्रियांची गोष्टच नको. समाज ज्यांना हीन लेखीत असे, अशा वस्तीतील स्त्रियांनीही कॅमेऱ्यासमोर येण्याचे नाकारले. त्याच सुमारास ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दादासाहेबांची दृष्टी तेथील आचाऱ्यावर गेली. सडपातळ अंगलट, नाजूक हात. तेच अण्णा साळुंके. त्यांना तेथे दरमहा १० रुपये मिळत. दादासाहेबांनी १५ देऊ केले. पाच रुपयांसाठी पुरुषाने लुगडे नेसले, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. संसार चालविणाऱ्यास त्या काळच्या पाच रुपयांचे मोल ठाऊक असते.

सिनेमाची अप्रतिष्ठा एवढी, की कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत, असे सांगण्याची शिकवण दादासाहेबांनी मंडळींना दिली होती. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके स्वतः करीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो बोलपट नव्हे, मूकपट लोकांपुढे आला आणि आचारी अण्णा तारामती म्हणून घरोघर माहीत झाले.

त्यानंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड नाशकास हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी धैर्याने कामे केली खरी, पण तेवढ्याने इतर स्त्रियांची भीड चेपली नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम अण्णाच आणि सीताही अण्णाच! हिंदी चित्रपटसृष्टीतील पहिली दुहेरी भूमिका ती हीच, असे मानतात. सीतेचे दंड जरा पुरुषी दिसत, असे पुढे टीकाकारांनी नोंदविले. प्रेक्षकांना मात्र त्याचे काही वाटले नाही. पडद्यावर राम दिसताच लोक पायांतील वहाणा काढीत. काल चुलीपुढे बसणाऱ्या माणसाला हा मान मिळाला.

आम्हांस अण्णांचे अधिक कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. रूपावर पोट भरणाऱ्यास वय आडवे येतेच. १९१८ साली नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. तेथे अण्णांनी कॅमेरा हाती घेतला. हाताने दांडा फिरवून फीत पुढे न्यायची, वेग रेसभरही चुकू द्यायचा नाही, असे ते काम. ‘सत्यनारायण’ (१९२२) आणि ‘बुद्धदेव’ (१९२३) यांत ते नटही होते आणि छायालेखकही. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला, अण्णांची कारकीर्दही त्याच सालापर्यंतची.

‘लंकादहन’चा आता थोडासाच तुकडा शिल्लक आहे. अशोकवनात बसलेल्या सीतेच्या रूपाने अण्णा त्यात आजही पाहावयास मिळतात.