लोयोलाच्या वाड्यातील खोली

उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशात, आझ्पेतिया गावाजवळ, भव्य घुमटाच्या चर्चला लागून एक जुना वाडा जतन केलेला आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीचे आज प्रार्थनामंदिर झाले आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे हे स्मारक होय. त्यांची समाधी रोममध्ये आहे. परंतु त्यांच्या जीवनाला वळण लागले ते या खोलीत.

इ. स. १४९१ च्या सुमारास याच वाड्यात एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. शस्त्र आणि कीर्ती हीच तरुणपणी त्यांची दैवते होती. १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. तो वाकडा जुळला, तेव्हा दरबारात विद्रूप दिसू नये म्हणून त्यांनी वर आलेले हाड कापून घेतले. भूल देण्याची विद्या त्या काळी नव्हती. इतके सोसूनही पायातील व्यंग जन्मभर राहिले.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वीरकथांचे ग्रंथ मागितले. घरात ते नव्हते. मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. पराक्रमाची स्वप्ने ओसरली की मन रिते होई, संतांचा विचार मात्र प्रसन्नता मागे ठेवून जाई. हा भेद त्यांनी ओळखला, आणि १५२२ साली मोन्सेरातच्या मठात आपली तलवार अर्पण केली.

पुढची परीक्षा अधिक कठीण होती. लोकांना उपदेश करावा तर विद्या हवी. म्हणून तेहतिशीच्या सुमारास हा सरदार बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकू लागला. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी पदवी मिळविली. तेथेच १५३४ साली सहा सोबत्यांसह त्यांनी सेवाव्रत घेतले आणि १५४० साली पोपने त्यांच्या संघाला मान्यता दिली. त्या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. या दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही.

१५४८ साली संघाने सिसिलीतील मेसिना येथे मुलांसाठी विद्यालय उघडले. रोममध्येही विनामूल्य शिक्षण सुरू झाले. ३१ जुलै १५५६ रोजी इग्नेशियस निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, वय उलटल्यावर बालकांच्या बाकावर बसण्याची ज्याला लाज वाटली नाही, त्याच्याच संघाने पुढे देशोदेशी शाळा उभारल्या. तलवार ठेवून देण्यापेक्षा ते बाकावर बसणेच त्या मानी पुरुषाला अधिक जड गेले असेल.