भूल देण्याचे पेटंट घेणारे विल्यम मॉर्टन

ऑपरेशन ठरले की माझे बहुतेक पेशंट ऑपरेशनपेक्षा भुलीबद्दलच जास्त विचारतात. जाग येईल ना? मध्येच कळले तर? तुम्हालाही हे प्रश्न पडले असतील. पण भूल नव्हती तेव्हा पेशंटला चार माणसांनी घट्ट धरून ठेवावे लागे आणि सर्जन जमेल तितक्या घाईने कापत असे.

विल्यम मॉर्टन (जन्म १८१९) हे अमेरिकेत बोस्टन शहरात दातांचे डॉक्टर होते. कवळी बसवण्यासाठी आधी किडलेल्या दातांची मुळे काढावी लागत आणि त्या वेदनेला घाबरून पेशंट येईनासे होत. मॉर्टन यांची गरज इतकी साधी होती! रसायनतज्ज्ञ चार्ल्स जॅक्सन यांच्याकडून त्यांना ईथरची माहिती मिळाली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी एका तरुणाला ईथर हुंगवले आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. पेशंट ओरडला नाही.

महिन्याभरातच मॉर्टन आणि जॅक्सन यांच्या नावे पेटंट निघाले. कमाई मात्र झाली नाही. का?

ईथर हे काही नवे औषध नव्हते. ते शेकडो वर्षे माहीत होते, बाजारात सहज मिळत होते. म्हणून मॉर्टन यांनी त्यात रंग आणि सुगंध मिसळून 'लेथिऑन' असे नाव दिले. पण ईथरचा उग्र वास लपतो थोडाच? शिवाय औषधात काय आहे हे कळल्याशिवाय ते वापरायला हॉस्पिटलचे डॉक्टर तयार होईनात, तेव्हा त्यांना ते सांगावेच लागले. मग जो तो स्वतःच ईथर आणून वापरू लागला. मेक्सिकोच्या युद्धात खुद्द अमेरिकी सैन्याने ते वापरले, मॉर्टन यांना काही न देता.

माझ्या मते मोबदला मागण्यात त्यांची चूक नव्हती, औषधाचे नाव लपवण्यात होती. आज तुम्हाला कोणते औषध देणार, हे भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. दमा, ॲलर्जी किंवा आधीच्या भुलीचा त्रास असेल तर तुम्हीही लपवू नका.

पुढची वीस वर्षे भांडणात गेली. शोध आपलाच, असे जॅक्सन म्हणू लागले. जॉर्जियातले डॉ. लाँग यांनी तर १८४२ मध्येच ईथर वापरले होते, फक्त छापले नव्हते. मॉर्टन यांनी संसदेकडे एक लाख डॉलर मागितले, पण वारंवार अर्ज करूनही ते मिळाले नाहीत. एका हॉस्पिटलवर त्यांनी दावा लावला, तर १८६२ मध्ये कोर्टाने पेटंटच रद्द ठरवले. ओळखीच्या पदार्थाचा नवा परिणाम सापडला म्हणून त्यावर मालकी मिळत नाही, असे कोर्टाचे म्हणणे.

१८६४ मध्ये, यादवी युद्धात, मॉर्टन स्वतः रणभूमीवर गेले आणि जखमी सैनिकांना ईथर देत राहिले. चार वर्षांनी जुलैच्या कडक उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.